ठोक व चिल्लर

पायी यात्रेला निघालेल्या माणसाला वाटेत अनोळखी लोक चहा पाजतात, जेवू घालतात, पडायला ओटा देतात, सुजलेले पाय चेपतात आणि वर हात जोडून ‘पुन्हा या’ म्हणतात. याबद्दल आपल्याकडे दोन मतं आहेत. पहिलं मत, ‘हे सगळे फुकटे!’ दुसरं मत, ‘बघा, माणुसकी अजून जिवंत आहे!’ पहिलं मत बहुधा सोफ्यावर बसून दिलेलं असतं. दुसरं यात्रेहून परतल्यावर, सोफ्यावरच बसून दिलेलं असतं. माझं भांडण दोन्ही मतांशी आहे, आणि थोडंसं सोफ्याशीही आहे.

आधी ‘फुकट्यां’चं बघू. आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाले आहेत. म्हणजे बँकेनं त्यांना निवृत्त केलं, त्यांनी बँकेला अजून केलेलं नाही. जगात कुठंही जमा दिसली की ते नावेची बाजू शोधायला निघतात. दर श्रावणात नागद्वारची मंडळी चिखलाच्या पायांनी नागपुरात परतू लागली की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘‘हे जेवू घालणारे कोण? आणि यांना यात मिळतं काय?’’

ज्यांना नागद्वार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. (पुण्याकडच्या वाचकांनी इथं लाजायचं कारण नाही. वर्धा निराळं आणि वरोरा निराळं, हेही आम्ही त्यांना दरवर्षी सांगतोच.) सौंसर-छिंदवाड्यावरून वर गेलं की सातपुड्यात पचमढी लागते. तिथून पुढं जंगलात, डोंगराच्या पोटात, नागद्वार आहे. वाघांचं राखीव जंगल असल्यानं ही वाट वर्षातून फक्त नागपंचमीच्या सुमारास काही दिवस माणसांना मोकळी होते. म्हणजे नेमकी ऐन पावसात. धुकं, निसरडे दगड, लोखंडी शिड्या, आणि पुढच्या माणसाच्या टाचेखेरीज दुसरं काही दिसत नाही असा चढ. अशा वाटेवर विदर्भातली मंडळं पिठाची पोती, तेलाचे डबे आणि हातभर व्यासाची पातेली डोक्याखांद्यावरून चढवतात आणि येईल त्याला जेवू घालतात. ही माणसं कामावरून रजा टाकून येतात. परत गेल्यावर साहेबाची बोलणी खातात ती निराळीच.

अशा भंडाऱ्यात मी पाहिलेला एक प्रसंग. एका चष्मेवाल्या गृहस्थांनी चहा घेतला, सवयीनं खिशात हात घातला आणि वीसाची नोट पुढं केली. पातेल्यापाशी बसलेल्या बाईंनी नोटेकडं पाहिलं, मग गृहस्थांकडं पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘पैशे द्याचे असन तं हाटेलात जा नं जी. इथं कायले आले?’’

अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं लिहूनही कुणाला जमलं नसतं ते या बाईंनी एका वाक्यात सांगून टाकलं. पैसे देणं म्हणजे काय? ‘आता तुझा-माझा संबंध संपला’ अशी पावती घेणं. हॉटेलात ते ठीकच आहे. वेटरशी जन्मभराचं नातं जोडायची आपली इच्छा नसते, त्याची तर मुळीच नसते. पण भंडाऱ्यात ती पावती फाडली की बाईंनी चार कोस चढवून आणलेल्या साखरेचा भाव वीस रुपये ठरतो, आणि बाई हॉटेलवाल्या होतात. आपल्याला त्यात सभ्यपणा वाटतो. त्यांच्या दृष्टीनं तो उर्मटपणा असतो.

‘मी कुणाचं देणं ठेवत नाही,’ असं आमचे स्नेही छाती काढून सांगतात. त्यांना जन्मल्यावर पहिली अंघोळ ज्या सुइणीनं घातली तिचा हिशेब चुकता झाल्याची पावती त्यांच्या फायलींत आहे का, हे एकदा विचारायला हवं. घेणं ही देण्याहून अवघड विद्या आहे. देणाऱ्याला हात उपडा करायचा असतो, तो कुणालाही जमतो. हात उताणा करायला मान थोडी वाकवावी लागते, आणि आमच्या वर्गाच्या मानेला त्याचा सराव नाही. म्हणून चालणाऱ्याला ‘फुकटा’ म्हणण्यापूर्वी, एक दिवस, फक्त एक दिवस, खिशात पैसे न घेता घराबाहेर पडून बघावं. संध्याकाळपर्यंत स्वभाव बराच निवळतो.

स्नेह्यांचा शेवटचा बाण असा, ‘‘अहो, ते पुण्यासाठी करतात. म्हणजे स्वार्थच झाला!’’ असेल. मग मी म्हणतो, असा स्वार्थ पसरू द्या. पावसात कुडकुडणाऱ्या माणसाच्या पोटात गरम खिचडी गेली की ती स्वार्थाची होती की परमार्थाची याची चौकशी पोट करत नाही. ते काम ज्यांची पोटं भरलेली आहेत तेच करतात.

आता दुसरा पक्ष, ‘माणुसकी जिवंत आहे’ वाल्यांचा. हे लोक प्रेमळ असतात आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडणं जड जातं. ते नर्मदा परिक्रमेची पुस्तकं वाचतात आणि मग महिनाभर आपल्याला ऐकवतात. मराठीत ही पुस्तकं बरीच आहेत. गो. नी. दांडेकरांपासून जगन्नाथ कुंट्यांपर्यंत अनेकांनी ती वाट शब्दांत आणली आहे. पण आमचे प्रेमळ वाचक त्यातून एकच गोष्ट उचलतात. अमुक ठिकाणी भूक लागली आणि तमुक देवमाणूस भाकरी घेऊन उभा! त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या डोक्यात बेरीज येते.

नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. परिक्रमा करायची तर नदी उजव्या हाताला ठेवून एका काठानं समुद्रापर्यंत जायचं आणि दुसऱ्या काठानं परत यायचं. पात्र ओलांडायचं नाही, संग्रह करायचा नाही. परंपरेनं या चालण्याला तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस दिलेले आहेत. (हल्ली पुष्कळजण काही महिन्यांत आटोपतात, आणि मोटारीनं तर पंधरा-वीस दिवसांत. त्यात नदीपेक्षा ड्रायव्हरचीच परिक्रमा अधिक होते.) रोज दोन वेळचं जेवण धरलं तर जुन्या हिशेबानं ही चोवीसशेच्या आसपास जेवणं झाली. आता मला सांगा, योगायोगानं माणसाला किती जेवणं मिळतील? चार? दहा? चोवीसशे जेवणं योगायोगानं मिळत नाहीत. त्यासाठी व्यवस्था लागते.

आणि ती होतीच, आहे. तिला सदावर्त म्हणतात. धर्मशाळेत, आश्रमात, किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या ओसरीवर आलेल्याला तयार जेवण किंवा शिधा द्यायचा, रात्री पथारी द्यायची, सकाळी ‘नर्मदे हर’ म्हणून वाटेला लावायचं. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरात बसून घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रांवर जो पैसा खर्च केला, तो वाटसरूच्या पोटाचा विचार करूनच केला. पण राजवाडे गेले, संस्थानं गेली, आणि ज्याच्या घरात दोन पितळी भांडी आहेत त्यानं हे चालू ठेवलं. सरदार सरोवर २०१७ मध्ये पुरं झालं. धरणाच्या पाण्यानं जुनी शूलपाणीची झाडी, तिच्यातल्या वाटा आणि गावं पोटात घेतली. चालणारे वळसा घालून चालू लागले. नव्या वाटेवरच्या गावांनी त्यांना जेवायला बसवलं.

देवमाणूस म्हटलं की आपली सुटका होते. देव काय, भेटेल तेव्हा भेटेल. आपण कुठं देव आहोत? पण व्यवस्था म्हटली की प्रश्न उलटा येतो: मग तुझ्या दाराशी ती का नाही? आमच्या प्रेमळ पक्षाला हा प्रश्न नको असतो, म्हणून तो गहिवरतो. भारती ठाकूर यांनी गहिवरून पुस्तक लिहिलंच, पण परिक्रमा झाल्यावर त्या नर्मदेकाठी जाऊन राहिल्या आणि तिथल्या मुलांसाठी शाळा चालवू लागल्या. ज्या घरांत जेवलो त्या घरांतली पोरं शिकली पाहिजेत, हा हिशेब मला कळतो. आमच्या बँकवाल्या स्नेह्यांनाही तो कळायला हरकत नाही. त्यात जमा आणि नावे दोन्ही आहेत.

या व्यवस्थेची किल्ली मात्र फार लहान आहे. ती एका न विचारलेल्या प्रश्नात आहे. परिक्रमेत दाराशी माणसं आली की आतून विचारतात, ‘‘कितनी मूर्ति?’’ किती मूर्ती आहात, एवढंच. तितकं पीठ मळायचं. वारीत त्याहून सोपं. तिथं कुणीही कुणाला ‘माउली’ म्हणतं. दाढी करणारा म्हणतो, वहाण शिवून देणारा म्हणतो, पोलीससुद्धा म्हणतो. एरवी वर्षभर तो ज्या शब्दांनी आपल्याला बाजूला करतो ते इथं छापता यायचे नाहीत.

आता या प्रश्नाशेजारी आपली चौकशी ठेवून बघा. ‘कुठले आपण? … नाही, ते राहायला हो. मूळचे? … आडनाव काय म्हणालात? … म्हणजे तुमच्यात दोन प्रकार असतात ना, त्यांतले कुठले?’ एवढं होईपर्यंत समोरच्याची तहान मरून गेलेली असते. आपण त्याला पाणी देतोही, नाही असं नाही; पण आडनावाच्या मापाचं देतो. कुणाला कपबशी, कुणाला स्टीलचा पेला, आणि कुणाला दाराबाहेर वेगळा ठेवलेला, चीर गेलेला कप.

इथं कुणी म्हणेल, पूर्वी तसं नव्हतं, पूर्वीच्या पाणपोया सगळ्यांसाठी असायच्या. पूर्वी नेमकं तसंच होतं, आणि त्याहून वाईट होतं. पाणपोईवर पाणक्या जात पाहून बसवला जाई. काहींना लोटीनं पाणी मिळे आणि काहींच्या ओंजळीत वरून, हात न लागता, धार सोडली जाई. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्येच चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर होता आणि पाणी तळ्यात होतं. दोघांची गाठ पडत नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आपल्या माणसांना घेऊन गेले आणि ओंजळ भरून प्याले, तेव्हा ती पडली. त्याबद्दल त्या माणसांनी त्याच दिवशी मारही खाल्ला. पंढरपूरला चोखोबा समाधीतही महाद्वाराबाहेरच राहिले, आणि त्यांच्या लेकरांना देवळात पाऊल टाकता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. तेव्हा ‘नाव न विचारणं’ ही आपल्या पूर्वजांनी सोन्याच्या ताटात वाढून ठेवलेली ठेव वगैरे नाही. ती भांडून मिळवलेली आहे, आणि भांडून मिळवलेली वस्तू वापरली नाही की गंजते.

आणि आता गांधीबाग.

गांधीबाग म्हणजे नागपूरचा कापडाचा ठोक बाजार. इथं बऱ्याच पाट्यांवर ‘ठोक व चिल्लर विक्रेते’ असं लिहिलेलं असतं. त्या पाटीवर विश्वास ठेवून तुम्ही आत जा आणि एक ब्लाऊजपीस मागा. शेठ चष्म्यावरून बघतात आणि गोड आवाजात सांगतात, ‘‘चिल्लर नाही जी. ठोकमधेच देतो.’’ पाटीवरची चिल्लर शोभेची असते.

आमच्या दयेचं दुकानही याच पद्धतीनं चालतं, असं माझं म्हणणं आहे. रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिरातून शोभायात्रा निघते, त्या दिवशी जुन्या नागपुरात तहानेनं मरायचं ठरवलं तरी मरता येणार नाही. पावलोपावली सरबत, ताक, मठ्ठा. पुढं चालायचं तर आधी तीन पेले प्यावे लागतात. नवरात्रात कोराडीला पायी जाणाऱ्यांना वाटेवर चहा-फराळ हातात कोंबतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात आणि त्यांच्या जेवणासाठी वस्त्यावस्त्यांतून रांधलं जातं. हे सगळं खरं आहे, चांगलं आहे, आणि ते करणाऱ्यांना माझा मनापासून नमस्कार आहे. हा आमचा ठोक व्यवहार. तो उत्तम चालतो.

पण मे महिन्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी बघा. पारा पंचेचाळिसाच्या वर. डांबर चपलेला चिकटतं. त्याच बाजारातून एक हमाल कापडाचे तागे लादलेला हातठेला ओढत येतो. त्याच्या हाती झेंडा नाही, कपाळी गुलाल नाही, तोंडी कुणाचा जयजयकार नाही. चालतो तो यात्रेकरूपेक्षा जास्तच. पण तो कुठं पोहोचतच नाही, संध्याकाळी परत निघाल्या जागी येतो. त्यानं दुकानाच्या पायरीशी उभं राहून पाणी मागितलं की आतून आवाज येतो, ‘‘आगे देखो.’’ चिल्लर नाही जी! घरोघरी पार्सल आणून देणाऱ्या पोराचंही तेच. चार मजले चढून तो जेवण आणतो. काही इमारतींत तर ‘सामान आणणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी असते. रामनवमीला ज्यांनी याला तीन पेले सरबत बळंच पाजलं, त्यांनीच ही पाटी सहकुटुंब सह्या करून लावलेली असते. पोरगा तोच, घसा तोच. फक्त तारीख बदलली.

ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही, हे २०२० नं आपल्याला शिकवायला हवं होतं. मार्चच्या शेवटी देशाला कुलूप लागलं आणि एप्रिल-मेच्या उन्हात माणसं चालू लागली. नागपूर पडलं देशाच्या मध्यावर. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही महामार्ग इथं एकमेकांना छेदतात. हैदराबादकडून, मुंबई-पुण्याकडून छत्तीसगड, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशाकडं निघालेली माणसं डोक्यावर गाठोडं आणि कडेवर मूल घेऊन आमच्या वेशीवरून गेली. एवढी लांबची पायी यात्रा आमच्या पिढीनं पाहिली नव्हती. पण त्यांच्या पुढं पालखी नव्हती. त्यामुळं ते यात्रेकरू आहेत हे पुष्कळांच्या ध्यानातच आलं नाही. गावोगावी वेशीवर आडवी लाकडं टाकली गेली. भीती होती, खोटी नव्हती, हे मी मान्य करतो. पण ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ जालन्याहून निघालेली सोळा माणसं मालगाडीखाली गेली. चालून थकलेली माणसं रुळांवरच झोपली होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलेल्या चित्रांत रुळांमध्ये त्यांच्या भाकऱ्या पडलेल्या होत्या. अन्न त्यांच्यापाशी होतं. पडायला ओटा नव्हता.

त्याच दिवसांत नागपूरच्या वेशीवर, टोलनाक्यापाशी, काही लोक मोठी पातेली घेऊन उभे राहिले. कुणी जेवण देत होतं, कुणी चपला वाटत होतं, कुणी पुढच्या गाडीची सोय बघत होतं. आणि त्यांच्यापाशी माणसं येऊन थांबली की ते पहिला प्रश्न विचारत, ‘‘कितने लोग हो?’’ नर्मदेकाठी विचारतात तोच. सदावर्ताची किल्ली नागपुरात होती. तिला गंज चढला नव्हता.

आता त्या किल्लीला नवा गंज लागू पाहतोय. त्याचं नाव फोटो. एका केळ्याला अकरा हात लागलेले आणि बाराव्या हातात ते केळं घेणारा म्हातारा मान खाली घालून उभा, असं चित्र तुम्हीही पाहिलं असेल. केळं दहा सेकंदांत संपतं. म्हाताऱ्याची ती मान मात्र कायमची भिंतीवर टांगली जाते. मग फ्लेक्स येतो. त्यावर दात्याचा फोटो, दात्याच्या नेत्याचा त्याहून मोठा फोटो, आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली तर, मठ्ठ्याचा पेला. नागद्वारच्या पातेल्यापाशी बसलेल्या त्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही, आणि त्यांना माझं. तो चहा अजून जिभेवर आहे तो त्यामुळंच. दोन्हीकडची नावं गळाली की मधे नुसता चहा उरतो.

‘‘अहो, पण दिवस वाईट आहेत. अनोळखी माणसाला घरात कसं घ्यायचं?’’ असं विचारणारे आता उठलेच असतील. बसा. कुणी सांगितलंय घरात घ्यायला? मी एक माठ मागतोय. दुकानाच्या पायरीशी, तिवईवर, ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक माठ, लांब दांड्याचा डोलचा, आणि रोज सकाळी ताजं पाणी. माठातून पाणी प्यायल्यानं घरफोडी झाल्याचं मी ऐकलेलं नाही. इमारतीत राहत असाल तर लिफ्टजवळची ती पाटी काढा, तेवढ्यानंही भागेल. माठावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहायचा मोह अनावर झाला तर लिहा बापडे, गेलेल्या माणसाला निवडणूक लढवायची नसते. पण पिणाऱ्याला काही विचारू नका. अगदीच राहवलं नाही तर एवढंच विचारा, ‘‘अजून पाहिजे?’’

सणाचा ठोक व्यवहार आम्हाला येतोच. वर्षाचे उरलेले तीनशे दिवस चिल्लर ठेवा, एवढंच माझं मागणं आहे.

नागपुरात १८८० च्या दशकापासून एक सोय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीकडच्या भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते, आणि गावाला छळणारं जे काही असेल ते तिच्या स्वाधीन करतात. लोक ओरडतात, खोकला घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. यंदा गर्दीत उभा राहून मी एकच आरोळी ठोकणार आहे, ‘‘आडनाव विचारणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!’’

आता, हे ओरडताना माझ्या शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस माझ्याहून मोठ्यानं ओरडेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि ओरडून झाल्यावर घाम पुसत, आपुलकीनं, तो माझ्याकडं वळून विचारेल, ‘‘वा जी, बरोब्बर बोलले! आडनाव काय म्हनलं तुमचं?’’